घरातील रेंज आणि बूस्टरचा मोह

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले आणि आपल्या देशात या यंत्राचे युग सुरू झाले. त्या काळी मोबाईल ही श्रीमंतांची चैन होती. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा ओटीपी, शेतातील ई-पीक पाहणी आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ही सारी कामे त्याच्यावाचून अडतात.

आपल्या बीड जिल्ह्यात तर या यंत्राला आणखी एक अर्थ आहे. दसरा-दिवाळीनंतर गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. कोयता घेऊन आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर जातात आणि घरी राहतात म्हातारी माणसे व शाळेत जाणारी लेकरे. पाच-सहा महिने या दोन टोकांना बांधून ठेवणारा धागा एकच, तो म्हणजे संध्याकाळचा फोन. तो लागला नाही तर दोन्हीकडे घास गोड लागत नाही. म्हणून घरात रेंज नसणे हा प्रश्न गैरसोयीपुरता उरत नाही, आणि म्हणूनच त्यावर झटपट उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या बूस्टर नावाच्या यंत्राविषयी नीट विचार करणे मला अगत्याचे वाटते.

रेंज अडते कुठे?

मोबाईलचे बोलणे विद्युत्-चुंबकीय लहरींवर स्वार होऊन जाते. या लहरी बऱ्याच अंशी प्रकाशासारख्या सरळ रेषेत चालतात. आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला गेवराई-माजलगावकडे गोदावरीकाठचा सपाट गंगथडीचा प्रदेश आणि दक्षिणेला आष्टी, पाटोदा, केज, अंबाजोगाईकडे बालाघाटाचे डोंगर व पठार. सपाटीवर एक टॉवर दूरवर पोहोचतो. डोंगराच्या कुशीतल्या वाडीला मात्र टॉवर दोन मैलांवर असूनही मध्ये टेकडी आली की सावली पडते. उन्हाची सावली आपल्याला दिसते, लहरींची दिसत नाही, एवढाच फरक.

सर्व लहरी सारख्याच अडतात असेही नाही. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटीमीटर असते, तर २३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची अवघी १३ सेंटीमीटर. लांब लहर अडथळ्याला थोडीफार वळसा घालते व भिंतीतून अधिक पार होते, आखूड लहर अधिक माहिती वाहून नेते पण लवकर दमते. एकाच घरात एका कंपनीचे कार्ड चालते आणि दुसऱ्या कंपनीचे चालत नाही, याचे एक कारण हेही असते. टॉवरचे अंतर हे दुसरे कारण.

मग येते आपले घर. जुन्या माळवदाच्या घराच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या मातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, परंतु लहरीही शोषून घेतात. माती ओली असेल तर अधिकच. पत्र्याच्या घरात प्रकार वेगळा. पत्रा लहरींना आरशासारखा परतवून लावतो आणि आत येण्यास दारे-खिडक्या एवढीच वाट उरते. नव्या स्लॅबमधील सळ्यांची जाळीही थोडाबहुत अडसर करते. याउलट घराबाहेर पडले किंवा गच्चीवर चढले की हे सारे अडथळे एकदम दूर होतात. आमच्या गावात संध्याकाळी देवळाच्या पाराशी माणसे कानाला फोन लावून उभी दिसतात, त्याचे कारण हेच. पार उंचावर आहे आणि टॉवरची दिशा तिथून मोकळी आहे.

रेंज मोजावी कशी?

फोनच्या पडद्यावरील दांड्यांवर फार विसंबू नये. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनविणारी कंपनी आपापल्या परीने ठरविते. खरा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीत, डीबीएम या एककात मिळतो. तो नेहमी उणे असतो. उणे ८० म्हणजे चांगली रेंज, उणे ११० म्हणजे दुबळी आणि त्याच्याही खाली गेले की बोलणे तुटू लागते. या मापात दर १० अंकांमागे शक्ती दहापट कमी होते. म्हणजे पारावर उणे ८० आणि स्वयंपाकघरात उणे ११० असेल, तर स्वयंपाकघरात पोहोचणारी लहर हजारपट क्षीण आहे. हा आकडा घेऊन घराच्या प्रत्येक कोपऱ्यात एकदा फिरावे. कोणत्या खिडकीशी घर ऐकते आणि कोणत्या भिंतीशी बहिरे होते, हे अर्ध्या तासात कळते. दुबळ्या जागी फोन मोठ्या शक्तीने ओरडत राहतो व त्यामुळे बॅटरीही लवकर संपते, हेही लक्षात ठेवावे.

टीव्हीचा बूस्टर आणि फोनचा बूस्टर

बूस्टर हा शब्द आपल्याकडे नवा नाही. आपल्या प्राध्यापकांच्या पिढीने घराघरांवर उंच पाइपाला बांधलेले ॲन्टेना पाहिले आहेत. एकाने छतावर चढून ॲन्टेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ओरडायचे, ‘अजून मुंग्याच दिसतात!’ तेवढ्याने भागले नाही की बाजारातून बूस्टर आणून जोडायचा. तो कुणाला त्रासदायक नव्हता, कारण टीव्ही केवळ ऐकणारे यंत्र होते. तो प्रक्षेपण केंद्राला उलट काही सांगत नव्हता.

मोबाईल ऐकतो तसा बोलतोही. म्हणून त्याचा बूस्टरही दुतोंडी असतो. छतावर एक ॲन्टेना, घरात एक ॲन्टेना आणि मध्ये शक्ती वाढविणारी पेटी, अशी त्याची रचना. टॉवरकडून आलेली क्षीण लहर तो मोठी करून घरात सोडतो आणि घरातील फोनची लहर मोठी करून टॉवरकडे पाठवितो. बाहेर मुळीच रेंज नसेल तर तो काहीच करू शकत नाही. शून्याला कितीही पटींनी गुणले तरी शून्यच.

खरी अडचण दुसऱ्या वाटेवर आहे. दूरच्या फोनची जी लहर टॉवरपर्यंत पोहोचते, तिची शक्ती एका वॅटच्या अब्जांशाहूनही कितीतरी कमी असते. टॉवर इतक्या बारीक आवाजाकडे कान लावून बसलेला असतो. स्वस्तातली पेटी फोनच्या आवाजासोबत खरखरही मोठी करते, आणि आपल्याच कंपनीच्या नव्हे तर शेजारच्या लहरींचीही. कीर्तनात एखाद्याने बुवांच्या कानाशी सतत डबा वाजवावा, तसे टॉवरचे होते. भरीस भर म्हणून छतावरचा व घरातला ॲन्टेना जवळजवळ असले तर आतला आवाज पुन्हा बाहेरच्यात शिरतो. स्नेहसंमेलनात माईक कर्ण्यासमोर धरला की जी कर्कश शिट्टी वाजते, तीच शिट्टी इथेही वाजते. ती आपल्या कानांना ऐकू येत नाही, टॉवरला मात्र येते. परिणामी त्या टॉवरवरील इतरांचे फोन तुटतात, लागत नाहीत किंवा एकाच बाजूने ऐकू येतात.

आपल्या जिल्ह्याला समजेल असा दाखला द्यायचा तर हा नळाला थेट मोटार लावण्याचा प्रकार आहे. चार दिवसांनी नळाला पाणी येते, एकजण मोटार लावतो, त्याची टाकी भरते आणि पुढच्या आळीत नळ नुसता फुसफुसतो. मोटार लावणाराही गरजूच असतो. पण लहरी या पाण्यासारख्याच सामाईक आहेत. ज्या म्हाताऱ्या आजीचा फडावरच्या लेकाशी चाललेला फोन तुटतो, तिला तो कुणाच्या छतावरील पेटीमुळे तुटला हे कधीच कळत नाही.

कायदा काय म्हणतो?

बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगू नये, हा नियम १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमापासूनचा आहे. एके काळी साध्या रेडिओसाठीही पोस्टात परवाना काढावा लागे, हे घरातील वडीलधारे सांगतील. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये जाहीर निवेदन काढून स्पष्ट केले की, परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज इतर कोणीही मोबाईल बूस्टर बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदेशीर आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ यानेही विनापरवाना रेडिओ उपकरण बाळगणे दंडनीय ठरविले आहे. दुकानात किंवा ऑनलाइन उघडपणे विकले जाते, एवढ्यावरून ते वैध होत नाही.

अमेरिकेतील माणसे घरोघरी बूस्टर लावताना चित्रफितींत दिसतात, हे खरे. तेथे २०१३ मध्ये स्वतंत्र नियम झाले. टॉवरला उपद्रव होऊ लागताच आपोआप शक्ती कमी करणारी वा बंद पडणारी प्रमाणित यंत्रेच तेथे चालतात आणि ती कंपनीकडे नोंदवावी लागतात. त्यांचे यंत्र उचलून त्यांचा नियम मागे ठेवणे शहाणपणाचे नाही.

मग करावे काय?

पहिला उपाय बिनखर्ची. वर सांगितल्याप्रमाणे घरातील चांगली जागा शोधून फोन तिथे ठेवावा व ब्लूटूथ किंवा स्पीकरवरून बोलावे. कार्ड बदलण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन आपल्याच घरात आणून आकडे ताडून पाहावेत.

दुसरा उपाय वाय-फाय कॉलिंगचा. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये व जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय सुरू केली. घरात ब्रॉडबँड असेल तर नेहमीच्याच क्रमांकावरचा फोन टॉवरऐवजी वाय-फायवरून जातो. फोनच्या सेटिंगमध्ये ती एकदा चालू करावी लागते, आणि फोन त्या सोयीचा असावा लागतो. फायबरच्या तारेतून प्रकाश धावतो, त्याला ना बालाघाट आडवा येतो, ना माळवदाची भिंत. ग्रामपंचायतींना अशा तारेने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिलाच पुढे भारतनेट म्हणतात. आपल्या ग्रामपंचायतीतील ती जोडणी चालू आहे का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक गावकऱ्याला आहे. वीज गेली की राऊटर बंद पडतो, म्हणून त्याला छोटी बॅटरी जोडलेली बरी.

तिसरा उपाय सर्वांनी मिळून करण्याचा. १९८ या क्रमांकावर आपल्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाचे आहेत. आपले गाव नकाशात रंगविलेले असेल आणि घरात उणे ११५ येत असेल, तर तो आकडाच आपला पुरावा. घरात मजबूत यंत्रणा बसवायचीच असेल, तर परवानाधारक कंपनीकडेच तशी लेखी मागणी करावी.

जिथे टॉवरच नाही, तिथे ग्रामसभेचा ठराव करून पाठपुरावा करावा लागेल. दूरसंचार कंपन्या आपल्या महसुलाचा ५ टक्के भाग ग्रामीण सेवेसाठीच्या निधीत भरतात, आणि कंपन्यांचा महसूल म्हणजे अखेर आपणच भरलेले पैसे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या निधीतून देशातील २४,६८० वंचित गावांत ४जी पोहोचविण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे टॉवर मागणे ही भीक नव्हे, तो आपला हक्क आहे.

हा मार्ग लांबचा आहे, हे मी नाकारत नाही. पेटी दोन दिवसांत घरी येते, ठरावाला दोन वर्षेही लागतात. पण गावागावांतून आलेले आपण विद्यार्थी एवढे नक्कीच करू शकतो. दिवाळीच्या सुट्टीत, टोळ्या निघण्याआधी, आपापल्या वाडीतील दहा-वीस घरांत फिरून रेंजचे आकडे वहीत उतरवावेत, ज्यांच्या फोनमध्ये सोय आहे त्यांना वाय-फाय कॉलिंग चालू करून द्यावे आणि ती वही तक्रारअर्जाला जोडून ग्रामसभेपुढे ठेवावी. एका घराची तक्रार ही कुरकुर ठरते. वीस घरांच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे कुणालाही जड जाते.