भिंतीचा फोटू

दिवाळीची भेटकार्डे विकत आणावयाची नाहीत, घरीच करावयाची, असा आमच्या कन्येने हुकूम काढला, तेव्हा आम्ही पिशोरला होतो. कन्नड तालुक्यातले हे गाव माझे आजोळ. घरात आता एकट्या मामी असतात.

कार्डाच्या पार्श्वभूमीला मातीच्या भिंतीचा पोत हवा, म्हणून कन्या संगणक मांडीवर घेऊन इंटरनेटवर भिंती धुंडाळीत बसली. तेथे भिंतींना काय तोटा! ‘पॉली हेवन’सारख्या ठिकाणी तर त्या फुकट मिळतात आणि कशाही वापरावयाची मुभा असते. (सगळीकडे तशी नसते, बरे का! फुकट मिळाले म्हणजे छापावयाची परवानगी मिळाली असे नव्हे; उतरवून घेण्याआधी अटी वाचाव्यात.) पण एकही भिंत तिच्या मनास येईना.

“बाबा, या सगळ्या परक्या वाटतात.”

मधल्या घराची भिंत तिच्या पाठीशीच होती. माती-भुशाने लिंपलेली, वर पांढऱ्या मातीचा पोतारा आणि त्यात मामींच्या बोटांच्या अर्धगोल रेघा. दिवाळी झाली की ती पाडून तेथे विटा-सिमेंटची भिंत उठावयाची होती.

कन्या मोबाईल रोखून उभी राहिली, तशा मामी म्हणाल्या, “अगं लेकरा, भिंतीचा कुठं फोटू काढतेत का? मानसाचा काढ!”

रात्री फ्लॅशने काढलेला फोटो वाया गेला. मधोमध पांढरा डाग आणि रेघा सपाट. सकाळी दारे उघडून, ऊन आत येण्याआधीच्या मंद उजेडात, भिंतीसमोर अगदी सरळ उभे राहून काढला, तो साधला.

आता तो ‘गिंप’मध्ये घालावयाचा. १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी आरंभिलेली ही चित्रे सुधारण्याची प्रणाली फुकट मिळते. फोटोतला चौकोनी तुकडा कापला, कागदभर पसरला, आणि पाहतो तो काय! भिंतीतली एकुलती एक खुंटी ओळीने पन्नास ठिकाणी उभी! शिवाय प्रत्येक चौकोनाची शीव ठिगळासारखी दिसत होती. कापडावर ठसे उमटवणाऱ्या कारागिराची ठशाच्या कडा जुळवताना जी कसोटी लागते, तीच येथे.

प्रणालीत कडा आपोआप जुळवण्याची सोय आहे, पण तिने चित्र चित्रावर मिसळले आणि मामींच्या बोटांच्या रेघा दुहेरी होऊन पुसट झाल्या. अखेर कन्येने ‘ऑफसेट’ने चित्र निम्म्याने सरकवले. कडा मधोमध आल्या. मग ‘क्लोन’ने शेजारची माती त्यांवर लिंपली, आणि त्याच हाताने खुंटीही बुजवली. अर्धा दिवस मोडला. मामींची भिंत पोतारून याहून लवकर होत असे!

बसवणे मात्र सोपे. चित्र ‘पॅट’ या प्रकारात साठवावयाचे. फोटोशॉपच्याही नक्षीला हेच शेपूट असते, पण आतली मांडणी निराळी. ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘फोल्डर्स’खाली ‘पॅटर्न्स’ची जागा दिसते. फाईल त्या जागी ठेवून नक्षींच्या यादीत ‘रिफ्रेश’ दाबले की झाले. साठवताना नाव विचारले, कन्येने ‘मामीआजी’ लिहिले.

छापलेले पहिले कार्ड मामींच्या हाती दिले. वरच्या पणतीकडे, शुभेच्छांकडे त्यांनी पाहिलेही नाही. बोट फिरवीत म्हणाल्या, “ही तर मधल्या घराची भिंत! पर हितं खुंटी व्हती, ती कुठं गेली?”