नोकरी सांभाळून एमबीए: पेडणे-डिचोलीतून करायचा अर्ज

नोकरी चालू ठेवून व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची सोय, अशी कार्यकारी एमबीएची ढोबळ व्याख्या करता येते. १९४३ मध्ये शिकागो विद्यापीठाने अनुभवी अधिकाऱ्यांसाठी या प्रकारचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे तो जगभर पसरला तो याच तत्त्वावर. भारतात मात्र हेच नाव दोन वेगळ्या गोष्टींना सर्रास लावले जाते. अहमदाबाद आणि कोलकाता येथील भारतीय व्यवस्थापन संस्थांचे अनुभवी उमेदवारांसाठीचे एक वर्षाचे प्रसिद्ध अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि निवासी आहेत, म्हणजे त्यांसाठी नोकरीचा राजीनामा द्यावा लागतो किंवा मालकाकडून वर्षभराची रजा मिळवावी लागते. तर सायंकाळी, शनिवार-रविवारी किंवा ऑनलाइन भरणारे वर्ग पगार चालू ठेवून करता येतात. घरचे कर्ज, मुलांची शाळा आणि वडीलधाऱ्यांचे औषधपाणी एकाच पगारावर चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक संस्थेच्या नावलौकिकापेक्षा मोठा असतो, आणि तो ध्यानात न घेता अर्ज करणारे अनेकजण मुलाखतीपर्यंत पोहोचून माघार घेतात.

उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत या शिक्षणाची ओढ वाढण्यामागे प्रत्येकाचे वेगळे कारण आहे. डिचोलीचे अर्थकारण लोहखनिजावर उभे राहिले आणि खनिजाबरोबरच कोसळले: २०१२ मध्ये उत्खनन थांबले, काही काळाने मर्यादित प्रमाणात सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा बंद पडले. डिसेंबर २०२२ मध्ये लिलावात गेलेल्या डिचोली खनिज ब्लॉकमध्ये २०२४ साली काम पुन्हा सुरू झाले खरे, परंतु मधल्या काळात खाणीवरच्या अभियंत्याला, हिशेबनिसाला, ट्रकमालकाच्या पदवीधर मुलाला एकाच धंद्यावर आयुष्य बेतण्यातला धोका पुरता कळून चुकला होता. पेडण्यात याच्या उलट घडले. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली, तुये औद्योगिक वसाहतीत आणि किनाऱ्यावरील हॉटेलांत नोकरी करणाऱ्यांना घराजवळ नवा मालक मिळाला, आणि सात-आठ वर्षांच्या अनुभवानंतर पर्यवेक्षकाच्या पदावर येऊन अडकलेल्यांना त्यापुढची पायरी दिसू लागली. डिचोलीकराला दुसरा धंदा गाठायचा असतो आणि पेडणेकराला त्याच धंद्यात वर चढायचे असते. दोघांनी एकच अभ्यासक्रम निवडण्याचे काहीही कारण नाही. तरीही निवड बहुधा मित्राने काय केले यावरून होते.

गोव्यातल्या गोव्यात पाहिले तर ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाचे गोवा बिझनेस स्कूल आणि गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट ही दोन नावे सर्वांत आधी पुढे येतात. दुसरी संस्था फादर रोमुआल्ड डिसोझा यांनी १९९३ मध्ये रायबंदरच्या जुन्या रुग्णालयाच्या वास्तूत सुरू केली आणि पुढे ती सत्तरी तालुक्यातील पर्ये येथे, साखळीच्या शेजारी, नव्या आवारात गेली. डिचोलीच्या माणसाला संस्था दाराशी आली असे वाटावे अशी ही जागा आहे. परंतु पूर्णवेळ विद्यार्थी पर्येला गेल्यावरही नोकरदारांसाठीचे सायंकाळचे वर्ग बराच काळ रायबंदरलाच भरत राहिले, कारण अशा वर्गांना येणारा मोठा वर्ग पणजीच्या कचेऱ्यांतला होता. म्हणून अर्जदाराने अर्धवेळ वर्ग या वर्षी कोठे आणि किती वाजता भरतात हे कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे, माहितीपत्रकावरील इमारतीच्या छायाचित्रावरून ठरवू नये.

या चौकशीचे महत्त्व रस्त्यावर उतरल्यावरच कळते. डिचोलीहून रायबंदर गाठायचे तर मये ओलांडून चोडणला यावे आणि फेरीबोटीने मांडवी पार करावी ही जवळची वाट. परंतु संध्याकाळी धक्क्यावर मोटारींची रांग लागते आणि वर्ग सुटेपर्यंत फेऱ्या विरळ झालेल्या असतात, तेव्हा परतताना जुने गोवे, बाणस्तारी, माशेल, आमोणा असा वळसा पत्करावा लागतो. पेडण्यातील धारगळहून निघणाऱ्याला कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरीची कोंडी आणि मग पणजीतून रायबंदरचा बांध इतके सगळे पार करायचे असते. विमानतळावर तीन पाळ्यांचे रोस्टर असते आणि ते जेमतेम काही दिवस आधी हाती पडते. ठरलेल्या वारी सायंकाळी सहाला हजर राहण्याचे वचन अशा कर्मचाऱ्याला देताच येत नाही, आणि किमान उपस्थितीची अट असलेल्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात त्याचे गणित बिघडते. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचे तीन वर्षांचे सायंकालीन अभ्यासक्रम पिढ्यान्‌पिढ्या नोकरदारांनी पूर्ण केले, त्यामागे लोकल गाडीचा आणि ठरावीक कचेरीवेळेचा मोठा हात आहे. तो साचा पाळीच्या नोकरीला आणि होडीच्या वाटेला जसाच्या तसा लागू होत नाही.

अशा अर्जदाराला दूरस्थ किंवा ऑनलाइन मार्ग अधिक सोयीचा ठरतो. कोझिकोडच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने या शतकाच्या आरंभीच दूरसंवादी माध्यमातून कार्यकारी अभ्यासक्रम चालवायला घेतला. अशा अभ्यासक्रमांत आठवड्याचे वर्ग पडद्यावर होतात आणि थोड्या दिवसांसाठी संस्थेच्या आवारात राहावे लागते. कोझिकोड हे ठिकाण गोव्याहून कोकण रेल्वेने थेट गाठता येते, ही सोय लहान वाटली तरी रजेचा हिशेब मांडताना उपयोगी पडते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे एमबीए हा कमी खर्चाचा पर्याय असून त्याचे प्रादेशिक केंद्र गोव्यात आहे, मात्र तेथे स्वतःच्या शिस्तीवर अभ्यास रेटावा लागतो आणि सहाध्यायांचा सहवास फारसा लाभत नाही. ज्याला दुसऱ्या धंद्यात ओळखी हव्या आहेत त्याचे यात नुकसान होते. ज्याला बढतीच्या नियमातील पदवीची अट पुरी करायची आहे त्याचे होत नाही.

मान्यतेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. एमबीए ही पदवी विद्यापीठ किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेली संस्था देते. स्वायत्त संस्था पदव्युत्तर पदविका देतात आणि त्यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असावी लागते. भारतीय व्यवस्थापन संस्थाही २०१७ च्या कायद्यापूर्वी पदविकाच देत असत. यांखेरीज नामांकित संस्थांच्या नावाने, शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांच्या मध्यस्थीने विकले जाणारे काही महिन्यांचे प्रमाणपत्र-अभ्यासक्रम आहेत. त्यांतून ज्ञान मिळत नाही असे नव्हे, पण ते पदवीही नव्हेत आणि पदविकाही नव्हेत, आणि दूरध्वनीवरून आग्रह करणारा विक्रेता हा भेद क्वचितच स्पष्ट करतो. ऑनलाइन पदवीच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव त्या सत्रासाठी आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी पाहणे अत्यावश्यक आहे.

निवड झाल्यावर प्रत्यक्ष अर्ज येतो, आणि त्यातील सर्वांत मोलाचा तसाच सर्वांत दुर्लक्षिला जाणारा भाग म्हणजे उद्देशपत्र. उमेदवाराने आजवर काय केले, पुढे काय करायचे आहे आणि हे शिक्षण त्यासाठी याच वेळी का हवे, हे काहीशे शब्दांत मांडणारा हा निबंध असतो. डिचोलीच्या खाणीवर दशकभर राबलेला पर्यवेक्षक त्यात बहुधा एवढेच लिहितो की त्याने उत्खननावर देखरेख केली आणि संघभावना जोपासली. त्याच्या खऱ्या दिवसाचे त्यात काहीच उमटत नाही. वेगवेगळ्या लोहप्रमाणाचे ढीग कसे लावायचे आणि कोणत्या खरेदीदारासाठी किती मिसळायचे, हे तो ठरवत होता. वजनकाट्यावर ट्रकांचा खोळंबा होऊ नये आणि सारमानसच्या धक्क्यावर बार्ज भरतीच्या वेळी रिकामी थांबू नये, याचा मेळ तो घालत होता. पावसाळ्यात आग्वादचा वाळूचा बांध ओलांडणे धोक्याचे झाले की कुंभारजुव्याच्या कालव्याने जाणाऱ्या बार्जींप्रमाणे वेळापत्रक पुन्हा बांधत होता. खाणीत साठलेले पाणी पंपाने उपसताना खालच्या शेतात गाळ उतरला म्हणून रस्त्यावर बसलेल्या गावकऱ्यांशी बोलणी करायलाही त्यालाच पुढे केले जात होते. साठा, वाहतूक, गुणवत्ता, वाटाघाटी असे व्यवस्थापनशास्त्राचे चार विषय या एका माणसाच्या हातून रोज पार पडत होते, आणि निवड समितीला नेमके हेच वाचायचे असते. निबंधासाठी पैसे घेणाऱ्या सल्लागाराकडे हा तपशील नसतो. म्हणून निबंध स्वतःच लिहावा, आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत उतरवला तरी चालेल, पण त्यातील प्रत्येक वाक्यामागे घडलेले काम असावे.

खाण बंद असतानाचा काळ लपवण्याकडे अनेकांचा कल असतो, तोही सोडावा. बहुतेक संस्था पदवीनंतरचा पूर्णवेळ अनुभव एका ठरावीक तारखेपर्यंत मोजतात आणि त्यासाठी नेमणूकपत्र, अनुभवपत्र, पगारपत्रक किंवा भविष्यनिर्वाह निधीची नोंद मागतात. त्यामुळे खंड कागदावर दिसतोच, आणि न्यायालयाच्या निकालाने आलेला खंड एका सरळ वाक्यात सांगण्यात कमीपणा नाही. विमानतळावरील अनेक कर्मचारी मुख्य कंपनीच्या नव्हे तर कंत्राटदाराच्या पटावर असतात. त्यांनी अनुभवपत्र कोणाच्या नावे मिळणार हे अर्जाच्या मुदतीच्या पुष्कळ आधी पाहून ठेवावे. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या ओळखीच्या माणसाचे घेण्यापेक्षा ज्याने काम जवळून पाहिले त्या वरिष्ठाचे घ्यावे, आणि नोकरदार अभ्यासक्रमाला काही संस्था मागतात ते मालकाचे संमतिपत्र शब्दावर न राहता लेखी मिळवावे, कारण वरिष्ठाची बदली झाली की तोंडी परवानगीही त्याच्याबरोबर जाते.

खर्चाचा विचार करताना जाहीर शुल्कात वस्तू व सेवा कर, आवारातील निवास आणि प्रवास धरला आहे की नाही हे विचारावे. शैक्षणिक कर्जावरील व्याजाची कलम ८०ई खालील वजावट प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीतच मिळत आली आहे, नव्या पद्धतीत नाही, हेही बँकेत जाण्यापूर्वी ठाऊक असावे. प्रवेशपरीक्षेची निवडही वेळेशी जोडलेली आहे. कॅट वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या अखेरीस होते आणि तिचे गुण त्या प्रवेशवर्षापुरतेच चालतात, तर जीमॅटचे गुण पाच वर्षे ग्राह्य राहतात, आणि काही कार्यकारी अभ्यासक्रम स्वतःची चाचणी घेतात किंवा दीर्घ अनुभव असलेल्यांना परीक्षेतून सूट देतात. ज्याची बदली, बढती किंवा घरातील जबाबदारी यंदा ठरायची आहे, त्याने अधिक शुल्क भरूनही जीमॅट देऊन ठेवणे आणि अर्ज पुढच्या वर्षी करणे श्रेयस्कर आहे.