चार रंगांचा शेजार

मंगळसूत्राच्या काळ्या पोतीत थोड्या थोड्या अंतरावर सोन्याचा एकेक मणी ओवलेला असतो. आकाराने तो ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, तरी समोरच्या माणसाला लख्ख दिसतो. तोच मणी सोन्याच्या साखळीत ओवला, तर शोधावा लागेल. सोने तेच, घडण तीच. फरक पडला तो शेजारामुळे. दोनच रंगांची ही रचना आपल्या घरांत इतकी ओळखीची आहे की तिच्यातले रंगाचे शहाणपण सहसा लक्षात येत नाही. आज भौमितिक मणीकाम हा छंद म्हणून अनेकजण जोपासतात आणि त्यात पडलेल्या माणसाला सर्वांत आधी ओढ लागते ती नवनव्या रंगांची. डबीवर डबी जमत जाते, तरी हातातले काम मनासारखे उठून दिसत नाही. याचे कारण त्या काळ्या पोतीत आहे. मण्याचा रंग त्याच्या एकट्याचा नसतो, तो शेजाऱ्यांच्या संगतीत ठरतो. म्हणून या छंदात रंगांचा शोध घ्यायचा, तर मोजके रंग हाताशी धरून त्यांचे शेजार बदलत पाहावे. नवे रंग विकत घेण्यापेक्षा या वाटेने जास्त हाती लागते.

हे असे का, हे समजायला आधी या कामाची बांधणी पाहायला हवी. रुखवतात मांडलेली मण्यांची तोरणे आणि रुमाल अनेकांनी पाहिलेले असतात. तंगुसात ओवलेले जाड मणी आणि त्यातून उभे राहिलेले हत्ती, मोर, स्वस्तिक. भौमितिक मणीकाम त्याच कुळातले, पण त्याचा मणी फार बारीक आणि मोजून कापल्यासारखा असतो. जपानमधल्या हिरोशिमा परिसरातील कारखाने काचेचे नळीसारखे मणी बनवतात. त्यांपैकी ‘डेलिका’ या नावाने विकला जाणारा ११ नंबरचा मणी साधारण १.६ मिलिमीटर जाड आणि १.३ मिलिमीटर लांब असतो. एका ग्रॅममध्ये असे सुमारे २०० मणी बसतात. बारीक सुईने ते एकेक करून विणले जातात. सर्वांत रुळलेली वीण ‘पेयोटी’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात प्रत्येक मणी शेजारच्या दोन मण्यांच्या मधल्या खाचेत बसतो, भिंतीतल्या विटा बसतात तसा. त्यामुळे तिरकी रेघ या विणीत आपसूक येते आणि शंकरपाळी, नागमोडी पट्टे, करवतीसारखे दातेरी काठ ही तिची स्वाभाविक नक्षी ठरते. चित्रकार दोन रंग कालवून तिसरा करू शकतो, रंगाची कड बोटाने पुसू शकतो. मणीकाम करणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. अर्धा मणी लावता येत नाही, काच काचेत मिसळत नाही. रंग कालवायचे काम इथे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवावे लागते आणि डोळा ते शेजार पाहूनच करतो.

विणकाम आणि रंगकाम करणाऱ्यांना ही गोष्ट जुनीच अडचण म्हणून ठाऊक होती. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलँ या राजेशाही विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. काळ्या लोकरीत दम नाही, ती फिकी दिसते, अशी तक्रार त्याच्यापुढे आली. त्याने लोकर तपासली. रंगाईत खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे रंग विणले जात होते, ते त्याचा गडदपणा खात होते. यातून त्याचा रंगविरोधावरचा मोठा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १८७४ मध्ये विल्हेल्म फॉन बेझोल्ड या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने रंगांवरच्या आपल्या पुस्तकात आणखी एक गोष्ट मांडली. गालिच्याच्या नक्षीत एकच रंग बदलला, तर न बदललेले रंगही वेगळे दिसू लागतात. आजही हा परिणाम त्याच्या नावाने ओळखला जातो. लाल मण्यांच्या नक्षीभोवती पांढरी रेघ विणली की लाल उजळतो, तिथेच काळी रेघ आली की तोच लाल खोल आणि जड होतो. आपल्याकडे खणाच्या किंवा धूपछाँव साडीच्या कापडात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि दिसतो तो तिसराच रंग. मण्यांचे कापडही असेच वागते. दीड मिलिमीटरचा मणी हातातून पाहताना वेगळा दिसतो, पण चार-पाच मीटरवरून तो शेजारच्या मण्यात मिसळू लागतो. म्हणून मणीकाम दोन अंतरांवरून पाहावे, एकदा हातात घेऊन आणि एकदा भिंतीला टांगून.

शेजार निवडताना पहिला प्रश्न कुठला असावा? बहुतेकजण रंगाच्या नावापासून सुरुवात करतात: लालाबरोबर हिरवा की निळा? भौमितिक नक्षीत त्याआधी फिका आणि गर्द यांचा विचार करायला हवा. आकाराच्या कडा, खोली आणि हालचाल ओळखताना आपली दृष्टी मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावर विसंबते. रंगाचे नाव तिथे दुय्यम ठरते. हार्वर्डमधल्या चेतासंशोधक मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिजन अँड आर्ट’ या पुस्तकात चित्रांच्या आधारे हे विस्ताराने समजावले आहे. डाळिंबी आणि गर्द हिरवा हे लग्नघरातले लाडके रंग घ्या. नावाने ते एकमेकांपासून दूर, पण गडदपणात जवळपास सारखे. या दोन रंगांत बारीक शंकरपाळ्या विणल्या, तर थोड्या अंतरावरून कडा विरघळतात आणि कष्टाने विणलेली नक्षी मातकट दिसते. डाळिंबीच्या जोडीला पोपटी घेतला की तीच नक्षी उभी राहते. याची चाचणी सोपी आहे: निवडलेले मणी शेजारी शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो घ्यावा. त्यात दोन रंग एकसारखे करडे दिसले, तर त्यांच्यामध्ये नक्षीची महत्त्वाची कड ठेवू नये. मराठीतल्या रंगांच्या नावांतही ही जाण दडलेली आहे. अबोली, बदामी, मोतिया म्हटले की फिकेपणा डोळ्यांपुढे येतो. आमसुली, अंजिरी, वांगी म्हटले की गर्दपणा. ही नावे रंग सांगतात आणि उजेडातली त्याची जागाही सांगतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. मोजके रंग, संयमित रंगसंगती ही बाहेरून आलेली अभिरुची आहे. आपली लोककला तर रंगांची उधळण करते, मग तिला हे बंधन कशाला? याचे उत्तर सौराष्ट्राच्या मोतीभरतात सापडते. काठियावाडातल्या घरांत दारावरची तोरणे, भिंतीवरचे चौकोनी चाकळे, घागरीखालची चुंबळ असे किती तरी मण्यांनी विणले जाई. दोन-दोन, तीन-तीन मण्यांच्या टाक्यांनी ते विणतात. पहिल्या नजरेत त्यात रंगांची दाटी वाटते, पण नीट पाहिले की बांधणी कळते. बहुतेक कामात पांढऱ्या अपारदर्शक मण्यांची मोकळी जमीन असते आणि लाल, निळा, हिरवा, पिवळा असे ठसठशीत रंग तिच्यावर बसवलेले असतात. ती उधळण पांढऱ्याने सावरून धरलेली आहे. पांढरा काढून तिथे आणखी एक गडद रंग भरला, तर हत्ती आणि घोडे एकमेकांत हरवतील. विदर्भातली करवतकाठी साडी घ्या. तिच्या काठाची दातेरी रेघ दुरून ओळखू येते, कारण काठ आणि अंग यांच्या उजेडात स्पष्ट अंतर असते. लोककलेचा आनंद रंगांच्या संख्येत मोजला, तर तिच्या कारागिरांची शिस्त आपल्या नजरेतून निसटते.

दुसरा आक्षेप आजच्या काळातला आहे. संगणकावर नक्षी आखता येते, रंग भरून पाहता येतात, तयार आलेख मिळतात. मग एवढा विचार कशाला? आखणीसाठी ही साधने फार उपयोगी आहेत, पण पडद्यावरचा चौकोन स्वतः उजेड देतो आणि काचेचा मणी बाहेरून येणाऱ्या उजेडाचे काहीतरी करतो. अपारदर्शक मणी उजेड परतवतो, पारदर्शक मणी तो आत घेतो, आतून चांदीचा मुलामा दिलेला मणी तो झळकवतो आणि खरखरीत पृष्ठाचा मणी पसरवून टाकतो. एकाच निळ्याचे हे चार प्रकार चार वेगळे रंग म्हणून वागतात. पारदर्शक मण्याच्या आतला दोराही दिसतो, त्यामुळे पांढऱ्या दोऱ्यावर तो उजळतो आणि काळ्यावर विझतो. काही गुलाबी आणि जांभळ्या मण्यांचा रंग काचेत नसतो, वरून चढवलेला असतो. तो उन्हाने किंवा घामाने उतरू शकतो, म्हणून अंगावर घालायच्या दागिन्यात ते जपून वापरावेत. त्यातही घडी पडणाऱ्या, त्रिमितीय कामात पडदा फारच अपुरा पडतो. अमेरिकेतल्या केट मॅकिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कंटेम्पररी जिओमेट्रिक बीडवर्क’ या पुस्तकमालेतून (पहिला खंड २०१२) पेयोटी विणीत मणी वाढवत-घटवत उभे कंगोरे, घड्या, मुरडलेले चौकोन कसे करायचे ते मांडले. अशा कामात एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत राहते, म्हणजे एकाच रंगाच्या दोन छटा आकारच तयार करतो. तिथे फार रंग भरले, तर आकाराने फुकट दिलेली ही देणगी झाकली जाते.

मग प्रत्यक्षात शोध घ्यायचा कसा? साडीचा विचार करण्याची पद्धत इथे चांगली कामाला येते. नक्षीतल्या चार भूमिका ठरवाव्यात: सर्वांत जास्त जागा व्यापणारे अंग, त्याला बांधणारा काठ, मधली शंकरपाळी आणि तिच्या मध्यभागी बुट्टी. आता गडदपणाच्या चार पायऱ्यांवरचे चार रंग घ्यावेत. समजा दुधी, अबोली, मोरपंखी आणि अंजिरी. नक्षी तीच ठेवून हे चार रंग चार भूमिकांत फिरवले, तर २४ वेगळ्या रचना मिळतात. एका नमुन्यात २० उभ्या रांगा आणि प्रत्येक रांगेत १६ मणी घेतले, तर ३२० मण्यांचा, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो. सगळ्या २४ नमुन्यांना मिळून ७,६८० मणी लागतात. प्रत्येक रंग प्रत्येक भूमिका सहा-सहा वेळा करतो, त्यामुळे चारही रंग सारखेच, प्रत्येकी १,९२० खर्च होतात. म्हणजे प्रत्येक रंगाच्या १० ग्रॅमच्या एकेका डबीत हा सारा अभ्यास होतो. हे नमुने ओळीने मांडल्यावर दिसते की अंजिरी अंगावर दुधी बुट्टी दिव्यासारखी उजळते, दुधी अंगावर अंजिरी बुट्टी बीसारखी घट्ट बसते, आणि अबोली कुठे गुलाबीकडे झुकते, कुठे केशरीकडे. आणि मोजके रंग म्हणजे मोजक्या शक्यता असेही नाही. कपाटात दहाच रंग असतील, तरी त्यांतून कोणतेही चार निवडून चार भूमिका देण्याचे मार्ग ५,०४० होतात. नवी डबी घेण्याआधी एवढा शोध आपल्या हाती शिल्लक असतो.

तिसरा आक्षेप मनाचा आहे. छंद हा विरंगुळा आहे, त्याला प्रयोगशाळेचे रूप दिले तर आनंद उरेल का? आणि रंगाची आवड तर ज्याची त्याची. आवड ज्याची त्याची हे खरेच, आणि वर सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीने कुणाच्या आवडीवर मर्यादा येत नाही. नक्षी मुद्दाम धूसर करायची असेल, सांजेच्या उजेडासारखी एकात एक विरघळवायची असेल, तर जवळच्या गडदपणाचे रंगच शेजारी ठेवावे लागतात. नियम माहीत असला की ती धूसरता ठरवून आणता येते, नाहीतर ती अपघाताने येते आणि निराश करते. मणीकाम हे सावकाश चालणारे काम आहे. तळहाताएवढ्या कामात हजारो मणी जातात आणि चूक उमगली की ते उसवावे लागतात. तासन् तास विणल्यावर नक्षी दिसेनाशी झाली, तर विरंगुळ्याचा शीण होतो. लहानसा नमुना आधी विणून पाहणे हे त्या वेळेचा मान राखणे आहे. गाणारा रियाजात एकच पलटा फिरवून फिरवून गातो, तेव्हा त्याचा आनंद कमी होत नाही, त्याचा कान तयार होतो. इथे डोळा तयार होतो.

डोळा तयार झाल्याची खूण काय, तर रंग चांगला की वाईट हा प्रश्न मागे पडतो. मणीकाम करणाऱ्या प्रत्येकाच्या डबीत एखादा नावडता रंग पडून असतो: मातकट पिवळा, उदास करडा, कुणीतरी भेट दिलेला भडक राणी. तो टाकून द्यावासा वाटतो, कारण एकट्याने पाहिला की तो कुठेच शोभेल असे वाटत नाही. पण या लेखातला युक्तिवाद खरा असेल, तर त्याच्याविषयीचे आपले मत अजून अपुरे आहे. आपण त्याला शेजारासह पाहिलेलेच नाही. मातकट पिवळ्याला गर्द जांभळ्याच्या कुशीत चार मण्यांची जागा दिली, तर तो जुन्या सोन्यासारखा दिसू शकतो. तेव्हा नव्या रंगसंगतीचा शोध सुरू करायला दुकानात जाण्याची गरज नाही. डबीतला तो नावडता मणी सुईवर घ्यावा आणि त्याला एकेक शेजार देऊन पाहावा.