मोठ्या विद्यापीठाचं दार

मुलांनो, हदगावच्या बसस्थानकावर नांदेडची एसटी धरायची. नांदेडहून रेल्वेनं मुंबई. मुंबईहून विमानानं न्यूयॉर्क. अंतर मोजायला गेलं तर बारा-तेरा हजार किलोमीटर होईल. पण तिकिटाचे पैसे असले तरी हा प्रवास बहुतेक मुलं करत नाहीत. का? कारण वाटेत एक वाक्य आडवं येतं : 'आपल्यासारख्याला तिथं कोण घेणार?'

हे वाक्य हदगाव तालुक्यातल्या वाडीवस्तीवर ऐकू येतं, तसंच ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्येही ऐकू येतं. आज आपण दोन मुलांची हकीकत वाचू. एक अमेरिकेतला, एक आपला. दोघांनीही जगातल्या नामांकित विद्यापीठांचं दार ठोठावलं. दार उघडलं. पण गंमत अशी, की खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली!

नाही म्हटलं तरी पुन्हा पत्र

अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं बंद झाली १८६५ साली. त्यानंतर तीन वर्षांनी, १८६८ मध्ये, विल्यम ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय मुलाचा जन्म झाला. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं, हे तुम्हाला ठाऊक असेल. तोच हा काळ.

ड्यू बॉइस आधी फिस्क विद्यापीठात शिकले. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलांसाठी नॅशव्हिल शहरात १८६६ साली ही संस्था निघाली होती. तिथली बी.ए. घेऊन ते १८८८ साली हार्वर्डला गेले. हार्वर्डनं प्रवेश दिला, पण फिस्कची पदवी पुरी धरली नाही. पुन्हा बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला बसवलं. विद्यापीठाच्या वसतिगृहात न राहता त्यांनी बाहेर एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे खोली घेतली. गाण्याच्या मंडळात जायची हौस होती, तिथं नकार मिळाला. अभ्यासात मात्र त्यांनी चांगलं यश मिळवलं.

पुढं जर्मनीत शिकायचं होतं. 'स्लेटर फंड' नावाचा एक निधी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी होता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हेज त्याचे प्रमुख. युरोपात पाठवण्याजोगा हुशार कृष्णवर्णीय मुलगा आपल्याला सापडत नाही, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं वर्तमानपत्रात छापून आलं. ड्यू बॉइसनी लगेच अर्ज केला, प्राध्यापकांची शिफारसपत्रं जोडली. उत्तर आलं, तो बेत आता रद्द झाला आहे. दुसरा असता तर गप्प बसला असता. यांनी पुन्हा पत्र लिहिलं, आणि चांगलं खरमरीत लिहिलं! आमच्यात कुणी लायक नाही असं जाहीर बोलायचं आणि कुणी पुढं आला की बेत रद्द म्हणायचं, हे बरं नव्हे, असं त्यांनी सुनावलं. अखेर १८९२ साली ७५० डॉलर मंजूर झाले. निम्मी देणगी, निम्मं कर्ज.

बर्लिनमध्ये दोन वर्षं ते माणसासारखे वावरले. मग निधीनं तिसऱ्या वर्षाचे पैसे नाकारले आणि तिथली डॉक्टरेट हातची गेली. परत येऊन १८९५ साली त्यांनी हार्वर्डची पीएच.डी. मिळवली. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. तरी १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं त्यांना संशोधनाला बोलावलं, तेव्हा वर्गात शिकवायचं काम काही दिलं नाही.

पदवी हातात, खोली मिळेना

आता आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे वळू. त्यांचं चरित्र तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं आहे. पण एका अर्जदार विद्यार्थ्याची गोष्ट म्हणून ते पुन्हा वाचून पाहा.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या गुरुजींनी त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ साली बी.ए. झालं. १९१३ मध्ये बडोदा संस्थानानं त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड. अट अशी, की परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची.

कोलंबियात त्यांनी अभ्यासाचा सपाटा लावला. एकट्या अर्थशास्त्राचेच एकोणतीस अभ्यासक्रम घेतले! वसतिगृहात नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक मिळाले. १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला जायचं ठरलं, तेव्हा सेलिग्मन यांनी लंडनच्या विद्वानांना त्यांची ओळख करून देणारं पत्र लिहिलं. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली, लंडनचं शिक्षण अर्धवट राहिलं. तेव्हा प्राध्यापक कॅनन यांच्या मदतीनं, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळाली.

परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी पुढं लिहिलं आहे. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, आणि तिथं राहायला खोली मिळेना. एका पारशी सरायीत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशी लोकांचा जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. कोलंबियाचा एम.ए. झालेला हा तरुण दिवसभर बागेत बसून राहिला. पाहा, न्यूयॉर्कमध्ये सच्चा मित्र झाला तो पारशी, आणि इथं काठ्या घेऊन आले तेही पारशीच. माणसं जातीनं वाईट नसतात, रूढी वाईट असते, हेही यातून शिकण्यासारखं आहे.

पण ती चार वर्षांची मुदत ते विसरले नाहीत. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेनांनी कर्ज दिलं. १९२० साली ते पुन्हा लंडनला पोचले. एक वेळच्या तुटपुंज्या जेवणावर, ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचत बसून, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

दोन्ही हकीकती शेजारी ठेवा. दोघांचे पैसे मधेच संपले. दोघांना परदेशात मोकळा श्वास मिळाला आणि मायदेशी अपमान. आणि दोघांनीही मागायला लाज धरली नाही! पत्र लिहिलं, शिफारस मागितली, मुदत मागितली, कर्ज मागितलं. हुशारी तर हवीच, पण मागावं कुणाकडे, कसं आणि कधी, हेही यावं लागतं. शिकलेल्या घरातल्या मुलाला ते जेवताना गप्पांतून कळतं. पहिल्या पिढीच्या मुलाला ते सांगायला कुणीतरी लागतं.

आपलं फिस्क : मिलिंद

आता मराठवाड्यात येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, आणि शिक्षण उर्दूतून. हदगावच्या गरीब मुलाला ते कुठलं परवडायला! १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. तेच मिलिंद महाविद्यालय. म. भि. चिटणीस हे त्याचे पहिले प्राचार्य. गावकुसाबाहेरची मुलं तिथल्या वसतिगृहात राहिली, शिकली. अमेरिकेत फिस्कनं केलं तेच काम इथं मिलिंदनं केलं.

अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूर या खेड्यातले सुखदेव थोरात हे मिलिंदचे विद्यार्थी. तिथून मराठवाडा विद्यापीठात एम.ए., मग दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पीएच.डी. २००६ साली ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. देशातल्या सगळ्या विद्यापीठांवर लक्ष ठेवणारी ही संस्था, बरं का!

आत गेल्यावर

२००६ सालीच सरकारनं थोरातांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. दिल्लीच्या 'एम्स' या नामवंत वैद्यकीय महाविद्यालयात दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसं वागवलं जातं, ते पाहायचं होतं. २००७ च्या अहवालात विद्यार्थ्यांनी काय सांगितलं? वसतिगृहात ठरावीक मजल्यांवर एकत्र ढकललं जाणं, मेसमध्ये वेगळं बसावं लागणं, खेळातही बाजूला पडणं. प्रवेशपरीक्षा पास होऊन आलेली ही मुलं आत येऊनसुद्धा बाहेरच राहिली होती.

'तू कोणत्या कोट्यातून आलास?' हा प्रश्न इथं विचारतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांना तोच टोमणा दुसऱ्या शब्दांत ऐकावा लागतो. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेश देताना वंश विचारात घ्यायला मनाई केली. परिणाम लगेच दिसला. एम.आय.टी. या विख्यात संस्थेच्या नव्या विद्यार्थ्यांत आधीच्या काही वर्षांत सरासरी १३ टक्के कृष्णवर्णीय असत. २०२४ च्या तुकडीत ते ५ टक्के उरले. एका वर्षात त्या समाजाची मुलं काही कमी हुशार झाली नव्हती! दाराची रुंदी बदलली, एवढंच.

म्हणून दोस्तांनो, असा टोमणा आला तर मान खाली घालू नका. जागा राखीव असली तरी पुढचे पेपर तुम्हालाच सोडवायचे असतात, आणि पदवी कुणी राखून ठेवत नाही. इंग्रजी अडलं, वर्गात बोलायला जीभ रेटेना, तर ते एकट्यानं सोसू नका. चांगला शिक्षक गाठा, एक तरी नवल भथेना शोधा. त्रास होत असेल तर घरी सांगा, महाविद्यालयाच्या समान संधी कक्षाकडे लेखी तक्रार करा. मनात दाबून ठेवलेलं ओझं कधीकधी जिवावर बेततं.

आणि ज्यांच्या वाट्याला हा टोमणा कधी आलाच नाही, त्या मुलांनो, तुम्हालाही एक काम आहे. मेसमध्ये एकट्या बसलेल्या मुलाच्या शेजारी ताट घेऊन जा.

अर्ज म्हणजे काय असतं?

परदेशी विद्यापीठाच्या अर्जात फार गूढ काही नसतं. गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा, आपल्याला ओळखणाऱ्या दोन-तीन शिक्षकांची शिफारसपत्रं, आणि 'मला हे का शिकायचं आहे' हे सांगणारा एक निबंध. या निबंधात मोठमोठे शब्द नकोत. हळदीच्या शेतात राबताना पडलेला प्रश्न, पैनगंगेच्या पुरानं गावाचं काय झालं, हे खरं लिहिलेलं चालतं. अमेरिकेत वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरला भरतात, पण अर्जाची मुदत बहुधा आदल्या डिसेंबर-जानेवारीतच संपते. म्हणजे तयारी वर्ष-दीड वर्ष आधी हवी.

पैशांचं काय? महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना ती दर वर्षी मिळते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत. अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात नीट वाचावी. वाट दाखवणारेही आहेत. पैनगंगेपलीकडे यवतमाळला २०१७ साली राजू केंद्रे यांनी 'एकलव्य' ही संस्था सुरू केली. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले, घरातली शिकणारी पहिलीच पिढी. स्वतः ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला शिकून आले. पहिल्या पिढीच्या मुलांना मोठ्या विद्यापीठांचे अर्ज भरायला ही संस्था शिकवते.

आई-बाबांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, हे कागद वेळेत काढून एका पिशवीत ठेवा. कागदावाचून अडलेली हुशार मुलं थोडी नाहीत. आणि 'आपल्याला झेपायचं नाही' हे मुलांसमोर म्हणू नका. आधी चौकशी तर करा!

शेवटी एक मजेची गोष्ट. या लेखातली दोन मुलं मोठेपणी एकमेकांना पत्रानं भेटली. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइसना लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपल्या हक्कांसाठी अर्ज दिला होता. त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. आपल्या माणसांसाठी तसंच करण्याचा विचार त्यांच्या मनात होता. ड्यू बॉइस यांचं आपुलकीचं उत्तर आलं. तोवर बाबासाहेबांच्या नावामागं डॉक्टर लागलं होतं, तरी नमुना मागायला त्यांना संकोच वाटला नाही. तुमच्या गावातून कुणी मोठ्या कॉलेजात गेलं असेल, तर या सुट्टीत त्यांच्या घरी जा आणि विचारा, 'दादा, ताई, तुम्ही अर्ज कसा भरला होता?'