ज्यूसवर प्रेशर मारलं की जंतू संपले का?

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की जुन्नर-आंबेगावकडून हमखास विचारणा येते, "सर, ज्यूस काढून एचपीपी करून विकला तर?"

एचपीपी म्हणजे हाय प्रेशर प्रोसेसिंग. सीलबंद प्लास्टिकची बाटली पाण्यात ठेवून तिच्यावर दोन-तीन मिनिटं साधारण 6000 बार दाब द्यायचा. तुमच्या कारच्या टायरात दोन-अडीच बार असतो, करा अंदाज! रस उकळत नाही, म्हणून चव ताजी राहते.

आता मुद्द्याचं. आंबट रसात जंतू टिकत नाहीत, असं आपण धरून चालतो. 1996 मध्ये अमेरिकेत ओडवाला कंपनीच्या न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ157 पसरला, एक लहान मूल दगावलं. रस आंबटच होता की! हा जंतू आत शिरलेलं आम्ल सतत बाहेर उपसत राहतो. प्रेशर नेमकं तिथंच घाव घालतं: पेशीचं आवरण आणि त्यातला तो 'पंप' बिघडतो. मग दाबातून अर्धमेले वाचलेले जंतू फ्रिजमध्ये, रसातल्या आंबटपणानं हळूहळू मरतात.

दुधात मात्र हे जमत नाही. दुधाचा पीएच साडेसहाच्या वर, तिथं तेच अर्धमेले जंतू सावरून पुन्हा वाढू शकतात. आणखी एक मेख आहे. आधीच सौम्य आम्लाला सरावलेला जंतू कधीकधी दाबालाही दाद देत नाही. त्यामुळे 'प्रेशर मारणारच आहोत' म्हणून फुटका, आंबूस माल आत ढकलू नका.

टोमॅटोचं दुखणं वेगळंच. बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू एवढ्या दाबानंही मरत नाहीत, पीएच 4.6 च्या खाली ते फक्त वाढत नाहीत. टोमॅटो नेमका या रेषेच्या आसपास फिरतो, अतिपिकलेला तर वरही जातो. सायट्रिक अ‍ॅसिड घालून 4.2 पर्यंत आणा. प्रत्येक बॅच पीएच मीटरनं मोजा, आणि मीटर आधी 4 आणि 7 च्या बफरवर तपासा. द्राक्षाचा रस मुळातच 3 ते 4 मध्ये असतो. मला विचाराल तर सुरुवात द्राक्षापासून करा.

मशीन कोटींच्या घरात जातं, ते लगेच घेऊ नका. आधी जॉबवर्क करून मिळतंय का बघा. एफएसएसएआय लायसन्स, लॅबची टेस्ट आणि दुकानापर्यंत फ्रिजची साखळी, यांचा खर्च बाटलीच्या किमतीत धरा. हिशोब घालून कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत आपण तो तपासू.