फियाटच्या ढिल्या स्टिअरिंगचा माग

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली पद्मिनी २०२३ साली मुंबईच्या टॅक्सी स्टँडवरून गेली, पण हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या अजून धावतात. कागदावर पद्मिनी, बोलण्यात फियाटच. उभ्या गाडीत चाकं वळवताना दंड भरून येतात म्हणून काही जण तिला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवून घेतात. बहुधा एखाद्या छोट्या नव्या गाडीचा कॉलम मोटरसकट आणून जोडलेला असतो. मग थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते: स्टिअरिंग हलकं झालं खरं, पण ढिलंही झालं.

मोटरनं ते ढिलं केलं का? बहुतेक वेळा नाही. स्टिअरिंगचा जुना दांडा कापून हा कॉलम मध्ये बसतो. त्याच्या पोटात टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणारी बारीक सळई असते. व्हील वळवलं की ती किंचित पिळते, सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्या हिशेबानं मोटर दांड्याला जोर देते. १९८८ साली सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत आलेली पद्धत हीच. मोटरच्या खालचा सगळा सरंजाम मात्र जुनाच राहतो: वर्म गिअरचा स्टिअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, पलीकडचा आयडलर आर्म, टायरॉड, बॉल जॉइंट. त्यातला प्ले, म्हणजे सांध्यांतली रिकामी हालचाल, आधीही होताच. जड व्हीलला हात सतत ताण देत असत, त्यात तो झाकून जाई. आता व्हील दोन बोटांनी हलतं आणि रिकामी जागा उघडी पडते. शिवाय मोटरचा वाढीव जोर त्याच झिजलेल्या सांध्यांवर येतो.

प्ले आधी मोजावा. गाडी सपाट जमिनीवर, चाकं सरळ, पॉवर स्टिअरिंगचा फ्यूज काढलेला. व्हीलच्या कडेला चिकटपट्टीची खूण करून पुढची चाकं हलू लागेपर्यंत व्हील किती फिरतं ते दोन्ही बाजूंना बघायचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९८ तीस अंशांपर्यंत मोकळीक चालवून घेतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या व्हीलवर ती कडेशी जवळजवळ १० सेंटिमीटर भरते. नियमात बसत असली तरी एवढी सैल गाडी मी घाटात नेणार नाही.

इथे एक फसगत होते. मोटर बंद असताना टॉर्शन बारचा पीळ हाताला प्लेसारखाच वाटतो. फरक असा की तो स्प्रिंगसारखा लवचीक असतो आणि हात सैल केला की व्हील मागे येतं. खरा प्ले रिकामा असतो आणि शेवटी टक्क वाजतं.

आता शोध मधूनच सुरू करावा. एकानं व्हील थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं खालून ड्रॉप आर्मकडे बघायचं. व्हील हललं आणि आर्म ढिम्म, तर दोष बॉक्समध्ये किंवा त्याच्या वर. आर्म हलला आणि चाक नाही, तर दोष खाली. एवढ्यानं निम्मं काम होतं. फ्यूज अजून बाहेरच ठेवा. मोटरच्या जोरात सांध्यात सापडलेलं बोट सुटत नाही.

वरच्या भागात मला पहिला संशय येतो तो नव्या कामाचा. दांडा जिथे कापून जोडला तिथले युनिव्हर्सल जॉइंट, त्यांचे स्प्लाइन आणि दाबून धरणारे बोल्ट तपासा. मग डॅशखाली टॉर्च लावून मोटरच्या ब्रॅकेटकडे नीट बघा. ही तपासणी फ्यूज लावून करायची, खालचा माणूस बाहेर आल्यावर. मोटर दांड्याला एका दिशेनं ढकलते तेव्हा तिचं घर उलट दिशेनं फिरू बघतं. ब्रॅकेट पातळ पत्र्याचं असेल तर अख्खं घर दोन-तीन मिलिमीटर डुलताना दिसतं. सगळे जॉइंट घट्ट असूनही स्टिअरिंग ढिलं लागण्याचं हे कारण हमखास नजरेतून सुटतं.

खालच्या भागाकडे वळताना फ्यूज पुन्हा काढा. तिथे बोटं अर्धी रॉडवर, अर्धी आर्मवर ठेवली की बॉल जॉइंटचा खडखडाट हाताला कळतो. आयडलर आर्मचा बुश वर-खाली हलवून बघावा. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर किंगपिन.

बॉक्सवरच्या, प्ले कमी करायच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावावा. गॅरेजात नेमकं उलट होतं. पाना आधी तिथेच जातो. वर्म मधोमध जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले संपेपर्यंत स्क्रू आवळला की वळणावर बॉक्स अडकतो आणि व्हील आपोआप सरळ होत नाही. पूर्वी हे हाताला लगेच कळायचं, आता मोटर ते झाकते. म्हणून आवळताना ड्रॉप आर्मपासून रॉड सोडवून, फ्यूज काढून, व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघावं.

सगळं घट्ट सापडलं आणि तरी गाडी वेगात भरकटत असेल, तर कंट्रोल युनिटला वेगाचा सिग्नल मिळत नसण्याची शक्यता मोठी. कॉलम ज्या गाडीतून आला तिच्यात वेग वाढला की मोटरची मदत कमी होते. इथे ती कायम एकसारखी राहते. बसवलेल्या पॉवर स्टिअरिंगच्या किटला मदत कमी-जास्त करायचा नॉब असेल तर तो खाली आणून ६० च्या वेगाला फरक पडतो का ते पाहावं.

टायरॉड एंड बदलले की टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल, बिघडतोच, तेव्हा अलाइनमेंट करून घ्यावं. स्प्लिट पिना नव्याच घालाव्यात, जुन्या सरळ करून नाही. पिना लॉक केलेल्या आणि बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, हेही नियम ९८ मध्येच आहे.