कुलूप शाबूत, तिजोरी रिकामी

२०१६ ते २०२० या काळात पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करणाऱ्या आमच्या बॅचला सायबर सुरक्षा हा विषय थेट शेवटच्या सत्रात भेटला. तोवर गणिताचा एम-३ सुटला का, सबमिशनला सही मिळाली का, याच विवंचना. बाहेर मात्र या विषयाचे तास कधीच सुरू झाले होते.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम सुटला. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो घुसला, मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचा जगभरचा कारभार त्यानं आडवा केला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्याच समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. आम्ही तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर होतो. पुढं वर्षभर वर्गात त्याचं नावही निघालं नाही.

तिसऱ्या वर्षी प्रकरण गणेशखिंड रस्त्यावरच येऊन धडकलं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातलं की 'पैसे द्यायचे का?' ही विचारणा स्विचमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते. तिथं मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेत चोरांनी मध्येच स्वतःचा बनावट स्विच बसवला. विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोचेचना आणि बनावट स्विच प्रत्येकाला 'द्या' म्हणत राहिला. क्लोन केलेली कार्डं घेऊन २८ देशांत माणसं एटीएमसमोर उभी होतीच. परदेशातून सुमारे ७८ कोटी गेले, देशातून अडीच कोटी आणि १३ ऑगस्टला 'स्विफ्ट' या आंतरबँक यंत्रणेवरून १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात. सगळे मिळून ९४ कोटी रुपये.

यात कुणी सायफर, म्हणजे सांकेतिक लिपी, फोडत बसलं नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमाचा निम्मा जीव मात्र सायफरमध्येच अडकलेला. सीझर, प्लेफेअर, व्हिजिनिअर, मग डीईएस या सायफरच्या सोळा फेऱ्यांची आकृती, पट्टीनं रेघा मारून. हे डीईएस १९९८ मध्येच जाहीरपणे ५६ तासांत फोडून दाखवलं गेलं होतं आणि २००१ पासून त्याच्या जागी एईएस प्रमाण मानलं गेलं. पण ओरलला हमखास विचारतात, म्हणून सोळा फेऱ्या पाठ. आरएसए या सायफरबद्दल मात्र मी तक्रार करणार नाही. ५ आणि ११ या मूळ संख्या घेऊन, ३ ही सार्वजनिक किल्ली धरून, २७ ही खासगी किल्ली हातानं काढली की काहीतरी खरंच कळतं. प्रत्यक्षात ५५ च्या जागी ६१७ अंकी संख्या असते, एवढाच फरक. आणि सगळी सुरक्षितता त्या फरकातच आहे.

कायद्याचं युनिट त्याहून मजेशीर. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्या लढ्याला ठिणगी पडली ती आपल्याच पालघरमध्ये, २०१२ साली फेसबुकवरच्या एका पोस्टवरून दोन मुलींना झालेल्या अटकेनं. आमच्या हातात फिरणाऱ्या नोट्समध्ये हे कलम पाच वर्षांनंतरही शिक्षेसकट ठणठणीत होतं. नोट्सवाल्यांना तरी किती बोलणार? त्या कलमाखाली गुन्हे अजूनही नोंदवले जातात, हे २०१९ मध्ये खुद्द न्यायालयापुढं आलं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं कलम ४३ मध्ये बसतं आणि अप्रामाणिक हेतू असला की कलम ६६ लागतं. विद्यार्थ्यानं लॅपटॉप उघडण्याआधी वाचायला हवं ते हे, आणि ते दोन ओळींत उरकलेलं.

मग शिकलो कुठं? बहुतेकांनी रात्री, हॉस्टेलवर. 'ओव्हरदवायर' या संकेतस्थळावरचा 'बँडिट' हा खेळ फुकट होता. पहिली पायरी सोपी, फाइल उघडा आणि पासवर्ड वाचा. दुसऱ्या पायरीवर फाइलचं नाव नुसती एक आडवी रेघ. नेहमीची आज्ञा दिली की संगणक गप्प बसून राहतो, कारण ती रेघ त्याला फाइलचं नाव वाटतच नाही. तो कीबोर्डवरून काही येईल म्हणून थांबलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अख्ख्या सत्रात जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या एका रेघेनं शिरलं.

शेवटचं सत्र मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे घरी गेलं आणि ऑक्टोबरमधल्या एमसीक्यू परीक्षेत संपलं. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

त्यानंतर चित्र झपाट्यानं पालटलं. देशाच्या २०१३ च्या सायबर सुरक्षा धोरणानं पाच वर्षांत पाच लाख तज्ज्ञ घडवायचं ठरवलं होतं. वर्ग भरायला त्याहून उशीर लागला. आता या विषयात ऑनर्स आहे, २०२२ मध्ये यूजीसीनं अभ्यासक्रम आखून दिला, गोव्यात राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा परिसर आहे आणि चार वर्षांच्या पदवीच्या नावातच सायबर सुरक्षा आली आहे. ज्युनिअर मुलं 'कुठलं सर्टिफिकेट करू?' विचारतात. मला धास्ती वेगळीच वाटते. नव्या पाट्यांना जागा करताना नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांचे तास कापले जाऊ नयेत. बनावट स्विच ओळखायचा तर आधी खरा कसा चालतो ते ठाऊक हवं.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं कॉसमॉस प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०१९ मध्येच उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं होतं. एवढं सगळं सार्वजनिक नोंदीत आहे. एटीएममधून नोटा बाहेर पडत होत्या आणि मुख्य प्रणालीकडे विचारणाच येत नव्हती. ही तफावत कुठल्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या असत्या तर दिसली असती, आणि किती वेळात? दहा मार्कांचा प्रश्न आहे. आमच्या कुठल्याच पेपरात तो आला नाही.